ठिणगी नव्हती

दोन हजार बारा सालच्या मे महिन्यातली ती सकाळ. बार्शीच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर, माझ्या धाकट्या भावाच्या स्टुडिओत आम्ही चौघं एका कॉम्प्युटरकडे बघत बसलो होतो.

शेवटी दिगूलाच राहवलं नाही. दिगू म्हणजे माझा भाऊ, दिगंबर. लग्नांचे व्हिडिओ काढायचे, त्यांना गाणी आणि उडती फुलं जोडायची, हा त्याचा धंदा.

"वृषे, किती झालं गं?"

"दुसरा भाग अजून पाव हिस्सासुद्धा झाला नाही," वृषाली म्हणाली. ही आमची मुलगी. पुण्यात एका ऑफिसात बांधायच्या इमारतींची हलती चित्रं बनवायची. "ह्या वेगाने उद्या सकाळ उजाडेल, मामा."

"आणि समिती बसणार आज चारला. उद्या काय कारखान्याच्या दारातल्या लिंबाच्या झाडाला दाखवायचं?"

नवरा-नवरीचे फोटो काढायला ठेवलेल्या लाल मखमली खुर्चीवर आमचे हे बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. भाजल्यापासून त्यांची बोटं नीट वळत नव्हती. दिगूचं बोलणं त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

ह्यांचं नाव अनंत ठोंबरे. साखर कारखान्याच्या वीजघरात शिफ्ट इंजिनिअर होते. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवायचा, त्या वाफेवर टर्बाईन फिरवायचं आणि कारखाना चालवून उरलेली वीज बाहेर द्यायची. फेब्रुवारीत, ऐन गाळपात, एका दुपारी ते टर्बाईन बिघडलं, तेलाने पेट घेतला आणि ह्यांच्या हाताखालचा मदतनीस नामदेव खंडागळे त्यात गेला. तेव्हा शिफ्ट ह्यांची होती.

जनरल मॅनेजरने सांगितलं, ठोंबऱ्यांनी जास्त वीज बाहेर पाठवण्याच्या नादात मशिनवरचा लोड एकदम वाढवला, म्हणून हे झालं. ह्यांचं म्हणणं, लोड जागचा हलला नव्हता. तेलाचा पंप बंद पडला आणि दुसरा, जो आपोआप सुरू व्हायला हवा, तो झाला नाही. खरं काय ते शोधायला कारखान्याने एक समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, बाकीचे संचालक. सरकारी चौकशी वेगळी चालली होती, पण ती किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. गाव बघत होतं ते समितीकडे.

पहिल्या बैठकीत ह्यांनी पेन्सिलीने आकृत्या काढून दाखवल्या. टर्बाईनचा लांब दांडा दोन टोकांना दोन बेअरिंगवर फिरतो. लोड एकाएकी वाढवला तर जोर पुढच्या बेअरिंगवर येतो. तेल आटलं तर आधी मागचं जातं, कारण तेल तिथे शेवटी पोचतं. आणि जळालं होतं मागचं. गोष्ट एवढीच होती, पण हे बोलायला लागले की वाक्य अर्ध्यावर सोडत, परत आकृतीवर बोट ठेवत. समितीतले लोक घड्याळाकडे बघायला लागले. जनरल मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "आगीत पुढचं-मागचं सगळंच जळतं, साहेब."

त्या दिवशी नामदेवची बायको सिंधू दारापाशी उभी होती. हे बाहेर आले तेव्हा तिने एकच विचारलं, "साहेब, लोडच्या चाकावर हात तुमचाच होता ना?"

हे पुढे चालू लागले. मी मागे होते. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी अजून विसरले नाही.

न्यायाधीशांनी मात्र आणखी एक तारीख दिली. आम्हाला कळेल असं काही घेऊन या, म्हणाले. म्हणून वृषालीने फिल्म करायला घेतली. दोन भाग. पहिल्यात, लोड वाढवला असता तर काय झालं असतं. दुसऱ्यात, तेल थांबलं तर काय होतं. ऑफिसच्या मशिनवर घरचं काम चालत नव्हतं, म्हणून सगळं घेऊन ती मामाकडे आली होती. दिगूच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड होतं. एकेक चित्र त्या कार्डाने तयार करायचं, आणि अशी हजारो चित्रं एकापुढे एक लावली की फिल्म. काम आदल्या संध्याकाळी सुरू केलं होतं. पहिला भाग सकाळपर्यंत झाला. दुसरा गोगलगाईसारखा चालला होता.

"चित्रं लहान केली तर?" मी विचारलं.

"भिंतीवर दाखवायचंय, आई. लहान केलं तर तेलाचा थर दिसतच नाही. तोच तर दाखवायचाय." ती जरा थांबली. "एक उपाय आहे. कार्डाला कंपनीने एक वेग ठरवून दिलेला असतो. तो सॉफ्टवेअरमधून वर नेता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

"मग वाढव की!" दिगू म्हणाला.

"तापतं, मामा. आमच्या ऑफिसात कार्डं गार ठेवायला पाण्याचे पाइप बसवलेत. ह्याला कंपनीने दिलेला एवढासा पंखा. त्यावर किती वाढवायचं..."

ती बोलता बोलता गप्प झाली. वाढवणं हा शब्द आमच्या घरात फेब्रुवारीपासून कोणी तोंडातून काढला नव्हता. भाजीत मीठ वाढवायलासुद्धा मी 'जरा टाकते' म्हणायची.

खाली दुकानात कोणीतरी साड्यांचा गठ्ठा आपटला. हे खुर्चीवरून उठले आणि वृषालीच्या मागे येऊन उभे राहिले.

"कंपनी ताप किती सोसेल म्हणते?"

"पंचाण्णव, शहाण्णव डिग्री. त्याच्या पुढे गेलं तर आपोआप बंद पडतं."

"तो कंपनीचा शेवटचा आकडा. आपला त्याच्या अलीकडे. पंच्याऐंशी. आत्ता किती आहे?"

"ऐंशी."

"म्हणजे काही न करताच ऐंशी. बंद कर सगळं. पेटी उघड."

"अप्पा, बंद? एकेक मिनिट..."

"बंद कर, म्हणतो ना."

दिगूने कपाळावर हात मारला, पण स्क्रूड्रायव्हर आणून दिला. पेटीची बाजू काढली तर आत राखाडी लोकर साचावी तसं काहीतरी. खालच्या दुकानात दिवसभर कापड फाडायचे. त्याचे सगळे बारीक धागे वर येऊन कार्डाच्या पंख्यात आणि त्याच्या पातळ पात्यांमध्ये बसले होते. ह्यांनी ब्रश मागितला. दिगूने नवरीच्या मेकअपचा ब्रश पुढे केला.

"दाजी, टाइम काय होऊ लागलाय आणि तुम्ही झाडलोट काय काढलीय?"

"दिगू, तुझी बहीण घुसमटलेल्या माणसाला आधी धावायला लावेल की आधी खिडकी उघडेल?"

"अक्का आधी माणसाला शिव्या देईल," दिगू म्हणाला.

मला हसू आलं. वृषाली हसली नाही. ती घड्याळ बघत होती.

ह्यांची बोटं चालत नव्हती म्हणून ब्रश मी चालवला. पंखा एका बोटाने धरून ठेव, नाहीतर उलटा फिरून बिघडेल, असं ते सांगत होते. पेटीची बाजू उघडीच ठेवली, भिंतीपासून दूर ओढली. वृषालीने सॉफ्टवेअरमधून पंखा पूर्ण वेगावर टाकला. तो असा ओरडायला लागला की खालचा कापडवाला जिन्यावरून विचारून गेला, काय दळताय काय म्हणून.

"आता किती?" हे मला म्हणाले. पडद्याच्या कोपऱ्यात तापाचा आकडा दिसत होता. वृषालीला बाकीचं बघायचं होतं, ह्यांना एवढं बारीक वाचता येत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"एकाहत्तर."

"बरं. वृषाली, आता थोडा वेग वर. अगदी थोडा. आणि दर वेळी तेच एक चित्र काढायचं, मागच्या बेअरिंगचं, सगळ्यांत जास्त काळोख असलेलं. आधीच्याशी जुळलं तरच पुढे."

"एकदम ऑफिसच्या आकड्यावर नेऊ ना? मला माहितेय तो."

"तो त्या कार्डाचा आकडा. हे कार्ड काय म्हणतं ते ह्यालाच विचारायचं."

तिने ओठ दाबले आणि पडद्यावरची वेगाची पट्टी थोडीशी सरकवली. चित्र निघालं. जुळलं. आकडा बहात्तर. मग हे पेटीकडे बघत थांबले. दिगू चुळबुळायला लागला.

"आता काय बघताय, दाजी?"

"ताप वर यायला वेळ लागतो. लगेच दिसतो तो खरा नसतो."

असं कितीतरी वेळ चाललं. थोडं वर, चित्र, थांबणं. थोडं वर, चित्र, थांबणं. बाहेर ऊन तापत चाललं होतं. वरचा पत्रा कडकड वाजायचा. मी आकडे वाचत होते. त्र्याहत्तर. पंच्याहत्तर. शहात्तर. लहानपणी वृषालीला गोवर आला होता तेव्हा मी अशीच तिच्या उशाशी बसून थर्मामीटर वाचून दाखवायची आणि हे दारात उभे राहून ऐकायचे.

आकडा एकोणऐंशीवर गेला आणि दिगू उठला. शेजारच्या खोलीतला वाळ्याचा मोठा कूलर तो ओढत घेऊन आला. पाण्याने भरलेला, वाळ्याच्या ताट्या भिजलेल्या. त्याने तो थेट उघड्या पेटीसमोर लावला. आमच्याकडे उन्हाळ्यात काहीही तापलं की हाच इलाज. माणूस, म्हैस, आंब्याची आढी, सगळ्याला कूलर.

"आता बघा," दिगू म्हणाला. "हिमालयात असल्यागत पळेल."

खरंच आकडा झरझर खाली आला. सत्तर. अडुसष्ट. वृषालीने टाळी वाजवली. "मामा, तुम्ही ग्रेट आहात!" तिने पट्टीला हात घातला.

हे पेटीपाशी गेले. आतल्या पत्र्यावर त्यांनी मनगटाची आतली बाजू टेकवली. बोटांना तेवढं कळत नसे. मग मनगट मला दाखवलं. ओलसर होतं.

"कूलर बंद. आधी तो, मग मशिन."

"अहो दाजी, अडुसष्ट झालंय!"

"दिगू, ह्यात वीज खेळतेय आणि तू दव पाडतोयस. बंद कर."

दिगूने कूलर बंद केला, पण रागाने. "मशिन माझं हाये, दाजी. लग्नसराईत मी हे तुमच्या हवाली केलंय. जळालं तर माझ्या पोटावर पाय. आणि तरी मीच म्हणतोय, पळवा. तुम्हाला तुमचीच घाई कशी नाही?"

ह्यांनी त्याच्याकडे फडकं मागितलं. आम्ही सगळं बंद करून आतला पत्रा फडक्याने टिपला, साधा टेबलफॅन लावला, पूर्ण वाळल्याची खात्री झाल्यावर पुन्हा सुरू केलं. त्यात बराच वेळ गेला. वृषालीने तो वेळ दातओठ खात काढला.

दुपारी आकडा ब्याऐंशीवर स्थिर झाला. वेग कंपनीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वर होता आणि काम भराभर चाललं होतं. हे म्हणाले, "बास. इथेच."

वृषालीने हिशेब केला. "थोडक्यात राहतंय, अप्पा. शेवट राहतोय. आग लागते तो तुकडा. अजून एकदा वर नेलं तर पुरा होईल."

ह्यांनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "एकदाच. पण मध्ये चित्र काढून बघायचं."

तिने पट्टी सरकवली. आकडा चौऱ्याऐंशी. थांबला. तिथेच राहिला. आम्ही ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. म्हणजे मी आणि दिगूने खाल्ली. हे नुसते तुकडा हातात धरून बसले होते.

"आता काढ चित्र," हे म्हणाले.

वृषालीने नुकतंच झालेलं चित्र पडद्यावर मोठं केलं. मागचं बेअरिंग. दांडा फिरतोय, तेलाचा थर विरत चाललाय. आणि त्या काळोखात, दांड्याच्या कडेला, पाच-सहा बारीक ठिपके. पिवळे, तांबडे.

"अरे वा!" दिगू म्हणाला. "ठिणग्या! हे कवा घातलंस, वृषे? एकदम खरं वाटायलंय!"

"मी नाही घातलं," वृषाली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने मागची चित्रं उघडली. काहींत ठिपके होते, काहींत नव्हते. "कार्ड चुकतंय. वेग झेपत नाहीये त्याला."

"म्हणजे फुकट गेलं सगळं?" मी विचारलं.

"फुकट कशाला?" दिगू पुढे सरसावला. "अक्का, तूच बघ. बेअरिंग सुकलं, ठिणगी उडाली, आग लागली. न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांला कळेल. ठिपके उडालेत ते बी बरोब्बर मागच्या बेअरिंगवर. देवानंच दिलंय हे!"

वृषालीने वडिलांकडे बघितलं. "अप्पा, असंच चालू ठेवलं तर आगीपर्यंत पुरा होतो. मागे घेतलं तर ही सगळी चित्रं पुन्हा काढायची आणि शेवट होत नाही."

"माझा चष्मा दे," हे म्हणाले.

मी दिला. ते पडद्याला नाक लागेल इतके वाकले.

"ठिणगी नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

"धूर होता. आधी पांढरा, मग जरा निळसर. ठिणगी नव्हती. मी तिथे उभा होतो."

"दाजी, तुम्हाला फाशी द्यायला निघालेत ते!" दिगू ओरडला. "चार ठिपक्यांनी काय होतंय? कोण मोजणारै?"

"जे नव्हतं ते दाखवायचं नाही. मागे घे, वृषाली. दोन पायऱ्या."

ती हलली नाही. "व्होल्टेज थोडं वाढवलं तर ठिपके जातील," ती म्हणाली. "वेग तोच राहील. शेवटही होईल. मी करू शकते."

"आणि ताप?"

"वाढेल. नव्वदच्या पुढे जाईल. पण शहाण्णवपर्यंत चालतं, अप्पा! कंपनीच म्हणते! एकच दुपार तर काढायची!"

"ह्या पंख्यावर नाही. व्होल्टेजला हात लावायचा नाही."

ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. माझी मुलगी तशी शांत; पण त्या दिवशी तिचे कान लाल झाले होते.

"अप्पा, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही खरंच लोड वाढवला नव्हता?"

दिगूने मान खाली घातली. मी आकड्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. आकडा पंच्याऐंशी झाला. मी तो वाचून दाखवायला हवा होता.

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. राग नव्हता. थकलेले दिसले फक्त. मग त्यांनी मला विचारलं, "किती झाला?"

"पंच्याऐंशी."

"दोन पायऱ्या खाली घे, बाळ," हे वृषालीला म्हणाले. "ठिपके असलेली चित्रं टाकून दे. जेवढी खरी निघतील तेवढी घेऊन जाऊ."

आदल्या संध्याकाळी गच्चीवर कुरडया उचलताना वृषाली मला म्हणाली होती, "आई, मी फिल्म करून देते, पण दोन्ही भाग मी सारख्याच सफाईने केलेत. खरा कुठला, ते मला माहीत नाही." मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या वयाची असते तर कदाचित मलाही तसंच वाटलं असतं. घरात तीन महिने न बोलणारा माणूस आणि दारात उभी सिंधू, ह्यांच्यामधून मुलीने काय निवडावं?

आता ती उभी होती आणि वडिलांकडे बघत होती. तिच्या हातात माउस होता. मानेवर दोरी असलेला माणूस, एका बोटाच्या हालचालीने ती सोडवून घेता येत असताना, पाच-सहा ठिपक्यांसाठी नको म्हणतो आहे. मग ते टर्बाईन त्याच्या ताब्यात असताना, नुसती जास्त वीज पाठवायची म्हणून, त्याने काय केलं असेल? हे मी आत्ता लिहिते आहे इतकं सरळ तेव्हा मनात आलं नव्हतं. मी फक्त तिचा चेहरा बघितला.

ती खाली बसली. पट्टी दोन पायऱ्या मागे घेतली. मग कोणी न सांगता आणखी एक.

"आई, आकडा?"

"एक्याऐंशी."

"तेच चित्र काढते, अप्पा."

चित्र निघालं. काळोख स्वच्छ होता.

निघायची वेळ झाली तेव्हा तेल आटत होतं, दांडा थरथरायला लागला होता आणि पांढऱ्या धुराची पहिली रेघ दिसत होती. पुढे काही नाही. वृषालीने तेवढं लॅपटॉपवर घेतलं. वेग परत कंपनीच्या आकड्यावर आणला, कार्ड गार होईपर्यंत पंखा चालू ठेवला, मगच मशिन बंद केलं. दिगूने लग्नात वापरायचा प्रोजेक्टर गाडीत टाकला आणि कारखान्यापर्यंत वाटभर तो एक अक्षर बोलला नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं.

कारखान्याच्या अतिथीगृहात भिंतीवर फिल्म लागली. आधी पहिला भाग. पुढचं बेअरिंग तापून लाल झालं. मग दुसरा. तो चालू असताना वृषालीने भिंतीवरच, त्याच्या शेजारी, जळालेल्या मशिनचा फोटो दाखवला. संचालकांपैकी एक जण पुटपुटला, "हे तर मागचं आहे." जनरल मॅनेजर हातातल्या कागदांकडे बघत राहिला.

धुराची रेघ आली आणि भिंत पांढरी झाली.

"पुढे?" न्यायाधीशांनी विचारलं.

हे उभे राहिले. "पुढचं तयार झालं नाही, साहेब. तोंडी सांगतो."

आणि ते बोलले. एकही वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही. लोड किती होता, कुठला आवाज आधी बदलला, दुसरा पंप सुरू झाला नाही म्हणून नामदेव हाताने तो सुरू करायला कसा गेला. वृषाली प्रोजेक्टरजवळ उभी होती. तिने एकदाही मान वळवली नाही. बोलणं संपेपर्यंत ती वडिलांकडे बघत होती.

अहवाल पावसाळ्यात आला. लोड स्थिर होता, तेलाचा पुरवठा तुटला, यंत्रणेची देखभाल झालेली नव्हती, असं त्यात होतं. दोषी म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. ह्यांचं नव्हतं, इतकंच आम्ही बघितलं.

जनरल मॅनेजर पुढच्या हंगामाआधी दुसऱ्या कारखान्यात गेला. तो हल्ली कुठे असतो मला माहीत नाही. दिगूने स्टुडिओ आणखी काही वर्षं चालवला. मग मोबाइलवर सगळेच व्हिडिओ काढायला लागले आणि त्याने तिथे कापडाचंच दुकान टाकलं. मधुमेहाने त्याचा एक पाय गेला, पण बोलणं तसंच आहे. त्या दुपारची गोष्ट सांगताना कूलर लावायची कल्पना दाजींची होती असं तो हल्ली सांगतो.

हे पुन्हा कारखान्यात गेले नाहीत. तंत्रनिकेतनात मुलांना शिकवायला जायचे, घरून डबा घेऊन. चार वर्षांपूर्वी झोपेत गेले. वृषाली पुण्यातच आहे, स्वतःचं छोटं ऑफिस आहे. वडिलांना तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही आणि ह्यांनीही उत्तर कधी दिलं नाही.

सिंधूला कारखान्याच्या शाळेत काम लागलं. तिचा मुलगा आता वीज मंडळात आहे. अहवाल आल्यावर ती एकदा स्टुडिओत आली होती, तेव्हा आम्हीही तिथे होतो. मला ते बघायचंय, म्हणाली. दिगूने फिल्म लावली. दोन्ही भाग तिने उभ्या उभ्या बघितले आणि धूर आला तिथे विचारलं, "ह्यात आमचे हे कुठं हायेत?"

वृषालीने फिल्ममध्ये माणसं घातलीच नव्हती. हे उठले, पडद्यापाशी गेले आणि बेअरिंगच्या डाव्या बाजूला, पंपाजवळ, बोट टेकवलं.

"इथं."

सिंधूने तिथे बघितलं. मग विचारलं, "आणि तुम्ही?"

ह्यांनी दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या शेजारी टेकवलं. दोन बोटांमध्ये जागा अशी नव्हतीच.